एक कमी कर

‘…मग आता माझं शिकायचं राहिलंय तरी काय, सर?’

नीरजाने हे हसत विचारलं. पण मान ताठ होती.

समोर मुकुंद आवटी बसले होते. साठीकडे झुकलेला माणूस, अंगात बिनइस्त्रीचा सदरा. टेबलावर एक कीबोर्ड, एक लहानसा स्पीकर आणि पाण्याचं भांडं. स्क्रीन नव्हती. दुरुस्तीला गेली असेल, असं नीरजाला वाटलं.

नीरजा कडलग मूळची संगमनेरची. नाशिकच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होती आणि मोबाइलची ॲप बनवण्यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. दोन इंटर्नशिप झाल्या होत्या, दोन्ही पुण्याला. ही तिसरी, नाशिकलाच आवटींकडे, शेवटच्या वर्षातली, आठ आठवड्यांची.

पहिल्या ठिकाणी तिच्या एका चुकीमुळे तीन हजार लोकांच्या फोनवरचं ॲप अर्धा दिवस उघडेना. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन चूक शोधली. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय लागली ती लागलीच.

दुसऱ्या ठिकाणी तिने एक अख्खं ॲप जवळजवळ एकटीने उभं केलं. बोट लावलं की कळी उमलावी तशी चित्रं उघडायची. तिथल्या साहेबांनी सगळ्यांना आपल्या टेबलाशी बोलावून ते दाखवलं. टाळ्या वाजल्या. कॉलेजने तिचा फोटो फलकावर लावला.

तेच ॲप तिने आता आवटींपुढे धरलं. ‘बघा ना, सर.’

आवटींनी हात पुढे केला. हात फोनच्या थोडा डावीकडे गेला, हवेत थांबला, मग फोनवर आला.

तेव्हा तिला कळलं.

माफी मागावी, तर कशाची? आवटींनी तेवढ्यात फोनच्या कडेची बटणं दाबून धरली. आंधळ्या माणसासाठी फोन बोलता करायची सोय प्रत्येक फोनात असते. नीरजाच्या फोनात ती तीन वर्षं झोपून होती. ती जागी झाली.

आवटींनी ॲपवर बोट ठेवलं.

‘बटण,’ फोन म्हणाला.

बोट सरकलं.

‘बटण.’

…

‘चित्र.’

…

‘चित्र. बटण. बटण.’

कळ्या उमलत होत्या. एकीमागून एक, डौलात. त्या फक्त नीरजाला दिसत होत्या.

आवटींनी फोन तिच्याकडे परत दिला.

‘कसं वाटलं, सर?’ तिने हळूच विचारलं.

‘मी अजून बाहेरच उभा आहे,’ आवटी म्हणाले.

•

त्या संध्याकाळी खोलीवर परतताना नीरजा मनातून चिडलेली होती. शंभरात एखाद्याला दिसत नसेल, तर त्याच्यासाठी नव्व्याण्णवांचं सुंदर काम वाया म्हणायचं का? हे तिने आईला फोनवर सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं. आवटींना मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर झाली, कारण कॉलेजात फॉर्म भरून झाला होता.

आवटींनी तिला काम नेमून दिलं. नाशिकच्या पश्चिमेला पेठच्या डोंगरांत भाताची खाचरं आहेत, आणि भाताच्या खाचरांत साप आहेत. साप चावला की माणसाला गाडीत घालतात आणि सगळ्यांत जवळच्या आरोग्य केंद्राकडे धाव घेतात. पण तिथे त्या दिवशी औषध असेलच असं नाही. नसलं की पुढच्या केंद्राकडे. ह्या फेऱ्यांमध्ये माणूस जातो.

म्हणून एक ॲप करायचं होतं. कोणत्या केंद्रात औषध आहे हे तिथल्या नर्सताई रोज सकाळी कळवणार. ती माहिती गावोगावच्या फोनांत जाऊन बसणार, म्हणजे नंतर रेंज गेली तरी हरकत नाही. आणि साप चावला, की फोनने सांगायचं, कुठे जायचं ते, आणि त्या केंद्राला फोनही लावायचा.

माहिती गोळा करायचं काम आवटींनी आधीच करून ठेवलं होतं. नीरजाने करायची होती ती फक्त पहिली स्क्रीन.

एकच स्क्रीन? तिने पुन्हा विचारलं. आठ आठवड्यांत?

आवटींनी मान हलवली.

तिने ती चार दिवसांत केली. गाव निवडायची यादी. चावलेल्या माणसाचं वय. चावून किती वेळ झाला. आणि साप कोणता, हे ओळखायला चौदा सापांची चित्रं. ही चित्रं तिने स्वतः काढली होती. नागाचा फणा, घोणशीच्या पाठीवरची साखळी, मण्याराचे पांढरे पट्टे… बघत राहावं अशी.

ह्या वेळी प्रत्येक बटणाला तिने नाव दिलं होतं. फोन बोलता केला की सगळं नीट वाचून दाखवत होता. पहिल्या दिवसाचा धडा ती शिकली होती आणि ते सरांना कळावं, अशी तिची इच्छा होती.

आवटींनी बोट फिरवत सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

‘चांगलं आहे,’ ते म्हणाले. ‘एक कमी कर.’

‘काय कमी करू?’

…

त्यांनी फोन तिच्या हातात ठेवला.

•

तिने वयाची चौकट काढून टाकली. दोन दिवसांनी पुन्हा दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि तेच म्हणाले. तिने वेळेची चौकट काढली. पुन्हा तेच.

गावाची यादी काढता येणार नाही, असं ती ठामपणे म्हणाली. गाव कळल्याशिवाय जवळचं केंद्र कसं कळणार? आवटींनी एवढंच विचारलं, की माणूस रोज गाव बदलतो का. तिने बराच वेळ विचार केला. मग गाव एकदाच, ॲप फोनमध्ये घालतानाच विचारायचं असं ठरवलं, आणि यादी गेली.

उरली सापांची चित्रं.

त्यांच्यासाठी ती भांडली. कोणता साप ते डॉक्टरांना कळायला नको का, असं म्हणाली. आवटींनी वाद घातला नाही. डॉक्टरांनाच विचारून ये म्हणाले.

ती पेठला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तिची चित्रं कौतुकाने पाहिली, चहा पाजला, आणि सांगितलं की आपल्याकडच्या चारही मोठ्या विषारी सापांवर एकच औषध चालतं. आम्ही रोग्याकडे बघतो, सापाकडे नाही. साप कोणता ते बघायच्या नादात दुसऱ्यालाही चावतो, आणि वेळ जातो तो वेगळाच.

परतीच्या एसटीत नीरजाने मांडीवर लॅपटॉप उघडला. चौदा चित्रं एकेक करून पाहिली. मण्यारावर ती सगळ्यांत जास्त वेळ थांबली, कारण तो तिला सगळ्यांत छान साधला होता.

मग तिने चौदाही काढून टाकली.

•

चौथ्या आठवड्यात एके दुपारी आवटी म्हणाले, ‘आज तुझा कोड ऐकू या.’

आत्तापर्यंत त्यांनी तिची स्क्रीन ऐकली होती. स्क्रीनच्या मागे तिने लिहिलेल्या साताठशे ओळी कोणी पाहिल्या नव्हत्या.

आवटींनी स्पीकर जवळ ओढला आणि एक बटण दाबलं.

त्यातून जो आवाज आला, तो नीरजाला आधी बिघाडच वाटला. तेलात मोहरी तडतडावी तसा. एक शब्द वेगळा काढता येत नव्हता. पण आवटी मान किंचित कलती करून स्वस्थ बसले होते, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की हा बिघाड नाही. यंत्र तिच्याच ओळी वाचतंय. माणसाने बोलावं त्याच्या पाच-सहा पट वेगाने. आणि हा माणूस त्या ऐकतोय.

तिला नंतर कळलं, की एकतिसाव्या वर्षी काचबिंदूने डोळे गेले तेव्हा आवटी नामांकित प्रोग्रॅमर होते. लोक म्हणाले, आता संपलं. त्यांनी दोन वर्षं कानांना वाचायला शिकवलं. पुढची पंचवीस वर्षं ते असंच वाचत आले होते.

पण त्या दुपारी तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त बघत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. आवटींची बोटं टेबलावर स्थिर होती. ओळी वाहत होत्या आणि समोरचा माणूस त्यात मानेपर्यंत उतरला होता.

मध्येच बोट उचललं गेलं. आवाज थांबला.

‘एकशे बाराव्या ओळीशी तू घाबरली होतीस,’ आवटी म्हणाले.

नीरजाने लॅपटॉप पुढे ओढला.

‘एकच गोष्ट तीन वेळा तपासली आहेस. पहिल्यांदा तपासली तेव्हाच ती बरोबर होती.’

…

तिच्या डोळ्यांपुढे पुण्यातलं ते बाथरूम आलं. नळ, आरसा, लाल झालेलं नाक. त्याबद्दल तिने ह्या ऑफिसात एक अवाक्षर काढलं नव्हतं.

आवाज पुन्हा सुरू झाला. तडतड… तडतड… आणि थांबला.

‘आणि इथे,’ ते म्हणाले, ‘तीनशे चाळिसाव्या ओळीत… इथे तुझ्याकडे कोणीतरी बघत होतं.’

तिने लॅपटॉपवर ती ओळ काढली. चार सोप्या ओळींत होणारं काम तिने एका लांबलचक, गुंतागुंतीच्या ओळीत बसवलं होतं. लिहिताना तिला फार मजा आली होती. वाचणारा चाट पडेल, असं वाटलं होतं. ते साहेब, ते टेबल, त्या टाळ्या…

तिने लॅपटॉप अर्धवट मिटला.

आपण यंत्राला सूचना लिहितो, असं ती चार वर्षं समजत होती. त्या सूचनांत आपण स्वतः जसेच्या तसे उतरत होतो, भीतीसकट आणि मिरवण्यासकट. आणि ज्याने तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता, त्या माणसाला ते ऐकू येत होतं.

‘मग सर,’ ती अखेर म्हणाली, ‘कोडमध्ये मी कुठे असायला हवं?’

आवटी भांड्यातलं पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं. बोटाने त्याची कड चाचपली.

‘एक कमी कर,’ ते म्हणाले.

•

त्यानंतर नीरजाचं काम बदललं.

ती रोज दुपारी फोनची स्क्रीन पूर्ण काळी करून, फक्त ऐकून तो वापरू लागली. पहिल्या दिवशी तिला आईला साधा फोन लावता आला नाही. आठवड्याने लावता आला. मग ती आपलं ॲप तसंच वापरू लागली, आणि जे बोटाला सापडत नाही ते काढत गेली.

आठवड्यातून दोन दिवस ती पेठजवळच्या आंबेमाळला राहायला जाऊ लागली. तिथल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, सुनंदा भोये तिला आपल्या घरी ठेवून घेत. सुनंदाताईंनी तिला बायांकडे नेलं. बाया खाचरातून येत, चिखलाचा हात पदराला पुसत आणि फोन घेत. ओल्या बोटाने बटण लागत नसे. चाळिशी घरी राहिलेली असे. फोनातला यंत्राचा आवाज म्हाताऱ्यांना कळत नसे. ही कोण बाई, काय म्हणते, असं त्या सुनंदाताईंना विचारत.

नीरजा वहीत लिहून घेई आणि परत येऊन बदल करी. बटण मोठं केलं. आणखी मोठं केलं. शेवटी अख्खी स्क्रीनच एक बटण झाली. कुठेही हात टेकवा. यंत्राचा आवाज काढून तिथे तिने सुनंदाताईंचा आवाज भरला, त्यांच्याच घरात, दार लावून, कोंबड्या बाहेर हाकलून.

एक भीती तिला होती. चुकून हात लागला तर? फोन आपोआप आरोग्य केंद्रात जाईल. आधी ‘नक्की का?’ असं विचारायला हवं, असं तिचं म्हणणं पडलं. आवटींनी विचारलं, चुकून लागलेला फोन उचलून नर्सताई काय करतील? काय करणार, ती म्हणाली, ठेवून देतील.

मग ‘नक्की का?’ सुद्धा गेलं.

सातव्या आठवड्याअखेर ॲपमध्ये बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाल रंग आणि त्यावर दोन शब्द: साप चावला. कॉलेजातल्या मैत्रिणीला तिने ते दाखवलं, तेव्हा मैत्रीण म्हणाली, आणि बाकीचं कुठंय?

नीरजाला हसू आलं. पण रात्रभर तो प्रश्न मनात राहिला. दोन महिन्यांनी कॉलेजात सगळ्यांसमोर काम दाखवायचं होतं. आपण दाखवणार काय?

•

आठव्या आठवड्यात ती आंबेमाळला गेली, तेव्हा गावातल्या वीसेक फोनांत ॲप घालून झालं होतं. सुनंदाताई त्या दिवशी पेठला मीटिंगला गेल्या होत्या. भात गुडघ्याच्या वर आलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला नीरजा बांधावर बसून वही चाळत होती. खालच्या खाचरात सोमा वाघेरे आणि त्याची बायको कमळ तण काढत होते. दोघांशी तिची ओळख आठवड्यापूर्वीच झाली होती. कमळ तिच्याच वयाची असेल, फार तर दोन वर्षांनी मोठी.

सोमा ओरडला नाही. नुसता ‘अगं’ म्हणाला आणि बांधावर बसला.

कमळने वाकून त्याचा पाय पाहिला. घोट्याच्या वर दोन ठिपके होते. गवतातून काहीतरी जाड, सुस्त सरकत गेलं.

नीरजा धावली. धावतानाच तिच्या मनाने सगळं ठरवून टाकलं. फोन मागायचा, ॲप उघडायचं, आपण बनवलंय, आपल्याला माहीत आहे. तिने हात पुढे केला. ‘फोन दे इकडे,’ ती म्हणाली.

कमळने ऐकलं नाही. ऐकण्याच्या अवस्थेत ती नव्हती. डोळे नवऱ्याच्या तोंडावर होते. तिने कनवटीचा फोन काढला, आठवड्यापूर्वी तिला शिकवलेल्या जागी अंगठा ठेवून लाल रंग आणला, आणि चिखलाने भरलेला सबंध तळवा त्यावर टेकवला.

तिने फोनकडे पाहिलंही नाही.

आणि फोनमधून सुनंदाताई बोलल्या.

‘भिऊ नको, बाई. चावलेल्याला बसव. पाय हलवू देऊ नको, घट्ट काही आवळू नको. जवळच्या केंद्रात आज औषध नाही. कुंभारबारीला आहे. तिकडेच न्या. मी फोन लावतेय.’

शेतात त्या तिघांशिवाय कोणी नव्हतं. सुनंदाताई तर तिथून दूर, पेठला होत्या. तरी तो त्यांचाच आवाज होता. ज्यांनी कमळचं बाळंतपण पार पाडलं होतं, त्यांचा. कमळने एकदा खोल श्वास घेतला. पलीकडे फोन उचलला गेला होता आणि एक नर्सताई गावाचं नाव विचारत होत्या.

नीरजाचा हात अजून पुढेच होता. रिकामा.

…

पुढचं भराभर झालं. तिने ओढणीने आणि कुडाच्या काठीने सोमाचा पाय हलणार नाही असा धरून ठेवला. माणसं जमली. एकाची जीप होती. तो सवयीने जवळच्या केंद्राकडे वळायला लागला, तर कमळने मागूनच सांगितलं, तिकडे नको, कुंभारबारीला. का, असं कोणी विचारलं नाही. तिच्या आवाजातच ते होतं.

अकरा किलोमीटर घाटाचा रस्ता. केंद्राच्या दारात नर्सताई सलाइनची बाटली लावून उभ्या होत्या. सोमाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. औषध चढलं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. डॉक्टर बाहेर आले, वेळेत आणलंत म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले.

नीरजा व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. शेजारी कमळ. कमळचा फोन दोघींच्या मध्ये पडलेला, त्यावर वाळलेल्या चिखलाचा पंजा.

लोक येत-जात होते. कोणी म्हणालं, कमळ मोठी धीराची. कोणी म्हणालं, सुनंदाताईंनी फोनवरून नीट सांगितलं म्हणून. कोणी म्हणालं, देवाची कृपा. ॲप हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. नीरजा कडलग हे नाव तर कोणाला माहीतच नव्हतं.

तिला वाईट वाटायला हवं होतं. ती वाट पाहत राहिली, वाटेल म्हणून.

वाटलं नाही.

तिच्या छातीत काहीतरी फार मोठं, फार शांत भरून येत होतं. देवळाच्या गाभाऱ्यात लहानपणी पहिल्यांदा शिरताना व्हायचं, तसं. साताठशे ओळी तिने लिहिल्या होत्या, आणि छाटत छाटत त्यांच्या तीनशे केल्या होत्या. त्या ओळी आज दुपारी भाताच्या खाचरात, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याशिवाय उठून उभ्या राहिल्या. त्यात ती घाबरलेली नव्हती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्यात ती नव्हतीच… आणि एक माणूस आत खाटेवर श्वास घेत होता.

कमळने पदरातून भाकरीचा तुकडा काढला. अर्धा मोडून तिला दिला. दोघींनी तो खाल्ला.

•

शेवटच्या दिवशी नीरजा आवटींच्या टेबलासमोर बसली. घडलेलं सगळं तिने सांगितलं. सांगताना मोठं केलं नाही, लहानही केलं नाही.

आवटी ऐकत होते. मान तशीच, किंचित कलती.

‘स्क्रीन कशी दिसत होती?’ त्यांनी विचारलं.

‘कोणी पाहिलीच नाही, सर.’

…

खाली रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच खुर्चीत बसून नीरजाने जो प्रश्न विचारला होता, तो आठवून तिला कानकोंडं झालं. तिने तो विषय काढला नाही. पिशवीतून कॉलेजचा कागद काढला. इंटर्नशिप पूर्ण केल्याचा तो कागद सोमवारी जमा करायचा होता. सगळे रकाने तिने भरून आणले होते. एकच राहिला होता.

तिने पेन आवटींच्या हातात दिलं. त्यांचं बोट धरून कागदावरच्या रेघेवर नेऊन ठेवलं. असं करावं लागतं, हे आता तिला ठाऊक होतं.

‘इथे काय लिहिलंय?’ आवटींनी विचारलं.

नीरजाने वाचलं. ‘मार्गदर्शकाचं नाव आणि सही.’

आवटींचं बोट त्या रेघेवरून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरलं.

…

मग त्यांनी पेनला टोपण लावलं. रेघ कोरीच ठेवून कागद तिच्याकडे सरकवला.

‘पेठची पहिली एसटी सव्वासहाला सुटते,’ ते म्हणाले. ‘कमळताई कामाला निघायच्या आत पोहोच.’